पिवळी प्रत

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचलो बाई एकदाचे! चौक फाटा सोडल्यापासून टेंपोवाल्याने तीनदा विचारलं, मॅडम, नक्की इथंच का? इथंच रे बाबा. डोंगराच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यात, पत्र्याच्या तीन लांब शेड, आत सहाशे ससे, आणि आजपासून त्यांची पशुवैद्य मी, डॉक्टर अनसूया प्रधान. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांना ससे पुरवायचं हे केंद्र आहे. लोक ऐकून नाक मुरडतात. मुरडोत. जो ससा शेवटी सुईखाली जायचाच आहे, तो निदान धडधाकट असावा, आणि कुठे जन्मला, कुठे गेला हे कागदावर खरं लिहिलेलं असावं, एवढं मला जमतं.

क्वार्टर दोन खोल्यांचं, पण स्वच्छ. श्रियाने (वय वर्षं नऊ, तोंड वर्षं पन्नास) आल्या आल्या खिडकीतून डोंगराला हात केला आणि इथल्या कुत्र्याशी दोस्ती केली. कुत्रा तांबडा, एक कान फाटका, नाव मोरू. तो धाकलूचा. धाकलू म्हणजे इथला सगळ्यात जुना माणूस, बासष्टचा, डाव्या पायाने लंगडतो, सशांना खायला घालतो. ही जमीन आधी त्याच्याच भावकीची होती. त्याची बायको सुंदरा भाकऱ्या घेऊन आली आणि म्हणाली, पोरीला आमच्यात धाडा, घरच्यावानी वाटंल तिला. किती बरं वाटलं.

घटस्फोटानंतर पहिल्यांदाच वाटलं, की आपलं काहीतरी बरं चाललंय. आधीच्या नोकरीत न टोचलेल्या लसी टोचल्या म्हणून सही कर म्हणाले होते. मी कागदावर खोटं लिहीत नाही. राजीनामा तोंडावर मारला आणि तीन महिने पनवेलला आईच्या घरी तिची बोलणी खाल्ली. आता ती पण खूश आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर नुसती घासपूस. पुढच्या महिन्यात सरकारी समितीची तपासणी आहे, नोंदणीचं नूतनीकरण त्यावर अवलंबून. नियम तसे सोपे: नोंदणी नसलेल्या संस्थेला एक ससाही द्यायचा नाही. प्रत्येक सशाच्या कानात नंबर. बाहेर जाताना पुरवठा पत्र भरायचं, त्यात नर की मादी, वय, वजन, प्रकृती आणि माझी सही. पत्राच्या दोन प्रती. पांढरी घेणाऱ्याला, पिवळी आपल्याला. घेणाऱ्याने पिवळीवर 'माल मिळाला' या चौकोनात सही करायची.

तिसऱ्या शेडमध्ये एक गंमत आहे. झोपेवर काम करणाऱ्या एका संस्थेला उलट्या वेळापत्रकाचे ससे लागतात, म्हणून तिथे दिवसा अंधार करतात आणि रात्री दिवे लावतात. दिवसा आत जायचं तर फक्त एक लाल दिवा. ऐन दुपारी दोन वाजता आत शिरलं की मिट्ट काळोख, आणि साठ ससे टक्क जागे. एकच दार, खिडकी नाही. तळाच्या ओळीतला शेवटचा पिंजरा रिकामा असतो. का, तर कुणालाच माहीत नाही.

आज ऑफिसातल्या संतोषला झापलं. पोरगा गुणी आहे पण धांदरट. त्याने त्या खोलीतच पत्राच्या प्रती फाडल्या आणि ड्रायव्हरला पिवळी देऊन पांढरी फाइल केली. त्या उजेडात पांढरं-पिवळं सारखंच दिसतं म्हणाला. अरे, मग बाहेर येऊन फाड ना! वर त्याने वजनाची दुरुस्ती एकाच प्रतीवर केलेली. त्याला भिंतीवर लिहूनच लावलं: दुरुस्ती लाल शाईने, शेजारी पूर्ण सही, आणि दोन्ही प्रतींवर. संतोष म्हणाला, मॅडम, लाल शाई तर तिथे दिसतच नाही. म्हटलं, म्हणूनच उजेडात ये म्हणते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जुन्या नोंदी पाहिल्या, तर दर महिन्याला एक ससा कमी भरतोय. मेला म्हणावं तर शव नाही. आज चोर सापडला: धाकलू!

दुपारी चारच्या सुमारास तो एक लंगडा ससा टोपलीत घालून शेडच्या मागे गेला. मी हळूच मागे. कुंपणाच्या आतच एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. त्याने टोपली ठेवली, तोंड फिरवलं आणि एक शब्द न बोलता परत फिरला. मी समोर उभी! बिचाऱ्याने हातच जोडले. म्हणाला, राखण हाय मॅडम. दर अवसेला द्यावी लागते. बापजाद्यांपासून कोंबडा द्यायचो, आता इथं सशे हायेत तर ससा. राखणदार काय मागत नाय, जे देऊ ते घेतो, गुमान ऱ्हातो.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. टोपली रिकामी. कोल्हा नेत असेल, दुसरं काय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस डोकं खाजवतेय. धाकलूला नोकरीवरून काढायचं? मग सुंदराकडे कुठल्या तोंडाने बघू? तो ससा मेला असं लिहू? ते माझ्याच्याने होणार नाही. जे जिथे गेलं ते तिथेच गेलं असं लिहायला हवं.

मग काय, लिहिलं! सरळ पुरवठा पत्र फाडलं. घेणारा: राखणदार. पत्ता: शेड नंबर तीनच्या मागे, ऐनाखाली. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात काय भरणार, तर जमिनीचा गट नंबर भरला. कारण: राखण. नर, वय सात महिने, वजन १ किलो ९००. खाली माझी सही, शिक्का. पांढरी प्रत नेऊन दगडावर ठेवली आणि वर खडा ठेवला. लिहिताना हसू आवरत नव्हतं. पण खोटं एक अक्षर नाही त्यात.

२ डिसेंबर, मंगळवार

तपासणी झाली आणि उत्तम झाली! समितीच्या साहेबांनी पुरवठा पत्रांचं पुस्तक पान पान उलटलं आणि प्रत्येक पिवळ्या प्रतीवर 'तपासले, मान्य' असा शिक्का मारत गेले. राखणदाराच्या पानावरही मारला. वाचलंसुद्धा नाही हो! श्रियाला बक्षीस म्हणून खोपोलीला नेऊन पावभाजी खिलवली.

३ डिसेंबर, बुधवार

हौसेने ही गंमत धाकलूला सांगितली. त्याचा चेहरा असा पडला की माझं हसू तोंडातच राहिलं.

तो म्हणाला, मॅडम, त्याला कदी लिवून द्याचं नाय. आमी तोंडानंसुद्दा 'देतो' म्हनत नाय. म्हनलं की मागायचा हक झाला. तुमी गट नंबर घातलात, सायबानं शिक्का मारला. तुमी त्याला कूळ लावलात मॅडम. कूळ लागलं की निघतंय का कदी?

मी म्हटलं, उगाच भिऊ नका. जाताना मोरूला उचलून घेऊन गेला, एवढ्या मोठ्या कुत्र्याला.

९ डिसेंबर, मंगळवार

लाल दिव्याच्या खोलीत, त्या रिकाम्या पिंजऱ्याच्या क्लिपला एक पुरवठा पत्र लावलेलं सापडलं. घेणारा: राखणदार. मादी, कानातला नंबर ११४, वजन २ किलो १००. उद्याची तारीख. अक्षर हुबेहूब माझं. खाली सहीसुद्धा माझी! संतोषला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. तो देवाची शपथ घेतो की त्याने नाही केलं. थट्टा करायची तर निदान नीट करावी, ११४ला खरूज आहे, ती कुठे पाठवायच्या लायकीची? रागाच्या भरात, आणि सवयीने, दोन्ही प्रती उजेडात आणल्या, लाल शाईने ११४चे ११७ केले, दोन्हींवर सही ठोकली आणि क्लिपला परत लावल्या. म्हटलं, बघू कोण नेतंय ते.

१० डिसेंबर, बुधवार

११७ नाही. पिंजऱ्याला कुलूप होतं तसंच आहे. ११४ जागच्या जागी, खाजवत बसलीये.

पांढरी प्रत गेली. पिवळीवर 'माल मिळाला' या चौकोनात अंगठा उमटलाय. शेंदराचा. माझ्या तळहाताएवढा अंगठा.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी पुन्हा पत्र होतं. ससा नाही. नर, कुत्रा, वय सहा, रंग तांबडा, उजवा कान फाटका. तारीख आजचीच.

पत्र एप्रनच्या खिशात कोंबलं आणि धावत धाकलूकडे गेले. मोरू अंगणात साखळीला होता, शेपटी हलवत. धाकलूने त्याला घरात घेतलं, दार लावलं, आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. मला भीती वाटत होती आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. बारा वाजता आतली साखळी एकदाच खळकन वाजली.

घरात साखळी होती. पट्टा बंद होता, बक्कल लावलेलं. मोरू नव्हता. माझ्या खिशातल्या पिवळ्या प्रतीवर अंगठा ओला होता, साडीला शेंदूर लागला. श्रिया संध्याकाळभर हाका मारत फिरली. तिला काय सांगू? पळाला म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलले.

१९ डिसेंबर, शुक्रवार, अवस

नर. वय ६२. वजन ४८. डावा पाय अधू.

फाडलं. तुकडे शव जाळायच्या भट्टीत टाकले. परत ऑफिसात आले तर टेबलावर अख्खं पत्र.

धाकलूला म्हटलं, गाव सोडा, आत्ताच्या आत्ता. तो शांत होता. म्हणाला, कुटं जाऊ मॅडम, कूळ जमिनीला लागतंय, जमीन माजी व्हती. मग म्हणाला, सशे उपाशी हायेत, त्यांना घालून येतो. मी त्याचा हात धरला होता. त्याने सोडवून घेतला. चपला काढून दाराशी जोडीने ठेवल्या, गमबूट घातले, बादली घेऊन लाल दिव्यात शिरला. मी दारातच उभी राहिले. दार एकच. मी हलले नाही. देवाशप्पथ हलले नाही.

बारा वाजता आतले साठ ससे एकाच वेळी पाय आपटायला लागले. धाडधाड धाडधाड. मग एकदम बंद.

आत फक्त बादली.

२१ डिसेंबर, रविवार

पोलीस येऊन गेले. डोंगरात गेला असेल म्हणतात. चपला तशाच आहेत दाराशी, कुणी उचलत नाही.

काल सुंदरा आली. रडली नाही. म्हणाली, तुमी लिवलंत, आता तुमीच पुसा. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती मागे सरली. किती वेळ बसून पुस्तकावर 'रद्द' 'रद्द' लिहीत होते. आज सकाळी सगळी पानं कोरी करकरीत. फक्त राखणदाराचं पहिलं पत्र तेवढं आहे. शिक्क्यासकट.

२३ डिसेंबर, मंगळवार

मादी.

वय ९.

वजन २४ किलो ३००.

डाव्या गालावर तीळ.

पुरवठा: २७ डिसेंबर, दुपारी १२.

संध्याकाळी तिला काट्यावर उभं केलं. हसत होती, आई मी ससा आहे का गं. २४.३००. दोनदा पाहिलं. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

२४ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी लागली म्हणून सांगितलं आणि तिला पनवेलला आईकडे पोचवून आले. परत का आलीस म्हणून विचारू नये कुणी. कागद इथे आहे. ज्याचा कागद त्याने निस्तरायचा.

२५ डिसेंबर, गुरुवार

पत्रात एक ओळ वाढलीये. 'ठिकाण.' पुढे आईच्या बिल्डिंगचं नाव. मजला. पाटीवर आहे तसंच आडनाव —

हे मी केलं. राखणदाराने नाही. गंमत म्हणून, शिक्का मारून, मी.

२६ डिसेंबर, शुक्रवार

झोप नाही. प्रकृतीच्या रकान्यात 'उत्तम' आहे. तिथे 'आजारी' लिहिलं तर? पण आजारी प्राणी ठेवायचा नाही हा आमचाच नियम. त्याचं काय करायचं तेही मीच भिंतीवर लावलंय. नको. नको.

रद्द केलं तर पुसतो. फाडलं तर परत येतं.

पण ११४ —

११४ची ११७ केली होती. सही केली होती. त्याने ऐकलं! ११७ नेली, ११४ सोडली. दुरुस्ती तो मानतो. तो नियमाने चालतो, माझ्यापेक्षा जास्त.

९च्या आधी ३. एवढंच. ३९. माझं वय. वजन खोडून ६१. तीळ खोडायचा. ठिकाण खोडायचं.

कागदावर खोटं लिहायचं नाही म्हणतात ना. हे खोटं नाही. खरंच जायला तयार आहे मी.

२७ डिसेंबर, शनिवार

११.२०

आईशी बोलले. श्रिया समोरच बसून टीव्ही बघतेय. नजरेआड करू नकोस म्हटलं. आई म्हणाली, तुला झालंय तरी काय. श्रियाने फोन घेतला, मोरू आला का विचारलं. येईल म्हटलं. वेणी घालून घे आजीकडून म्हटलं. आणखी काय बोलायचं असतं, सुचलं नाही.

सकाळपासून लाल दिव्याच्या खोलीतून पत्र बाहेर काढायला बघतेय. क्लिप सोडत नाही. दोन्ही हातांनी ओढलं. आतच लिहावं लागणार. लाल पेन घेतलंय. दोन्ही प्रतींवर, पूर्ण सही. जाते.

११.५०

लिहितेय म्हणजे हात थांबतील. आत गेले. पेन टेकवलं तशी क्लिप आपोआप सुटली. पहिल्या प्रतीवर केलं सगळं. ३ काढला. दिसत नव्हता, बोटाने चाचपून सही केली. दुसरी घेणार तर ससे — सगळे — एकदम. आणि तळातल्या पिंजऱ्याचं दार उघडं, आणि शेंदराचा वास, अगदी तोंडाजवळ. एक प्रत क्लिपला अडकवली, एक हातात, पळाले. दुरुस्त केलेलीच अडकवली. तीच. डाव्या हातात होती ती. डाव्याच —

११.५४

ऑफिसच्या खिडकीशी आले. हातातली उघडली.

पांढरी.

वय ३९. वजन ६१. सही माझी, लाल, ठसठशीत.

म्हणजे आत लावली ती — पिवळी — तिच्यावर अजून ९ —

११.५७

परत शेडपाशी. दार उघडत नाही. कडी नाही, कुलूप नाही, उघडत नाही. ओरडले. ही बघ ही खरी, ही घे, मला ने. पांढरी दाराखालून आत सरकवली. परत बाहेर आली. पुन्हा सरकवली. परत —

१२

ससे थांबले.

दाराखालून दुसरा कागद आला. पिवळा. चौकोनात अंगठा. ओला आहे.

फोन वाजतोय. आई. आई विचारतेय, श्रियाच्या चपला अशा जोडीने दाराबाहेर कुणी ठेवल्या, ती तर आत्ता माझ्या पुढ्यात वेणी घालून घेत